साठ दिवस आणि एक वेलांटी

आमच्या गावात परवानगी न घेता तिसरा मजला चढवता येतो. नाल्यावर स्लॅब टाकून त्यावर चपलांचं दुकान थाटता येतं, रस्त्याचे चार हात घरात घेऊन त्यावर तुळशीवृंदावनही बांधता येतं. यातलं काहीही करताना नगरपरिषदेचा माणूस आडवा येत नाही, कारण त्याला ते दिसतच नाही. त्याला दिसतं ते फक्त असं काम, ज्याच्यासाठी कोणीतरी अर्ज केलेला असतो. गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, सांगितलं तर या लिखाणातही त्रुटी निघतील. या गावात एका संडासासाठी रीतसर बांधकाम परवानगी मागणारं एकच माणूस मी पाहिलं, ते म्हणजे माझ्या शेजारी राहणाऱ्या महामाया सरकटे.

महामायाबाई एकतीस वर्षं आरोग्य सेविका होत्या, शेवटची बारा डोणगावच्या बाजूच्या एका उपकेंद्रात. अर्ध्या तालुक्याला त्यांनी सुई टोचून रडवलं आहे. लसीकरणाची नोंदवही, गरोदर बायांची नोंदवही, जन्माची, मरणाची, सगळ्या त्यांच्या हातच्या, एकसारख्या अक्षरातल्या. तपासणीला आलेले साहेब बाकीच्या उपकेंद्रांना त्या वह्या नमुना म्हणून दाखवत. घरातही तोच कारभार. पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेल्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड त्यांच्याकडे आहे. मिक्सर केव्हाच गेला.

या कागदाच्या वेडाला कारण होतं. धाडजवळच्या एका खेड्यात त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. जागा कोणीतरी तोंडी दिलेली. महामाया आठवीत असताना एका दुपारी काही माणसं आली, त्यांनी कागद मागितला, आणि तो नव्हता. संध्याकाळपर्यंत घरातली भांडी रस्त्यावर होती आणि भिंती जमिनीवर. वडील पुढं वीस वर्षं जगले, पण त्यांनी पुन्हा भिंत बांधली नाही, भाड्याच्याच खोलीत मेले. तेव्हापासून बाईंनी ठरवलं होतं की आपल्या घराची एकही वीट कागदावाचून चढणार नाही. गावातल्या लोकांना हे भोळेपण वाटायचं. मलाही थोडं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्यांचे यजमान धम्मरत्न एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. माणूस हसरा, बोलण्याला तिखट. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला आणि डावी बाजू गेली. काठी टेकत, पाय ओढत चालायचे. त्यांच्या घराचा संडास मागच्या अंगणाच्या टोकाला, मागच्या दाराच्या तीन पायऱ्या उतरून चाळीस पावलांवर. रोज सकाळी बाई त्यांना खांद्याचा आधार देऊन तिथवर नेत आणि दाराबाहेर उभ्या राहत, कारण आत तोल गेला तर धरायला कोणी हवं. दार अर्धवट उघडं ठेवावं लागे. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याची गाडी रस्त्याला लावून दिली, त्याला ही गोष्ट रोज सकाळी जाळत होती. एकदा मला म्हणाले, "सर, मरण आलं तं येऊ द्या. पण संडासाले एकटं जाता आलं पाह्यजे माणसाले." बाईंनी ठरवलं की झोपायच्या खोलीला लागूनच, पायरी नसलेला, रुंद दाराचा, भिंतीला लोखंडी दांडे बसवलेला संडास बांधायचा. आठ बाय सहा फूट. कुंपणापर्यंत सोडायचं बाजूचं अंतर त्यात थोडं कमी पडत होतं, पण अशा माणसासाठी तेवढी सवलत नियमातच होती, तीही मागायची. आणि त्यासाठी जानेवारीत त्यांनी अर्ज केला.

सगळं आता ऑनलाइन झालं आहे. ऑनलाइन म्हणजे आधी कॉम्प्युटरवर भरायचं, मग त्याचीच प्रिंट काढून, नकाशा जोडून, खिडकीवर नेऊन द्यायची, आणि खिडकीतला माणूस ती पिवळ्या फायलीत घालून दोरीनं बांधणार. आमच्या खिडकीतला माणूस म्हणजे कुशल, बांधकाम विभागाचा लिपिक. तो माझा विद्यार्थी, आणि बाईंच्या सुईचाही धनी. अर्ज देताना बाई भर कार्यालयात त्याला म्हणाल्या, "काय रे कुशल, दंड दाखव पाहू. माह्या सुईचा वण हाये का गेला?" कार्यालय हसलं, कुशलही हसला, म्हणाला, "सिस्टर, तुमचं काम म्हंजे घरचं काम." घरचं काम आमच्याकडे केव्हा होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

इथं कायदा थोडा समजून घ्या, फार नाही. अर्ज मिळाल्यापासून साठ दिवसांत नगरपरिषदेनं हो किंवा नाही कळवायचं. काहीच कळवलं नाही आणि काम नियमात बसत असेल, तर परवानगी मिळाली असं धरायचं. मात्र मध्ये कार्यालयानं काही माहिती मागवली, तर ती दिल्यापासून साठ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. हा कायदा करणाऱ्यांना वाटलं असेल की यानं कार्यालयं झडझडून कामाला लागतील. आमच्या कार्यालयानं त्यातून एवढंच उचललं की पत्र सत्तावन्नाव्या-अठ्ठावन्नाव्या दिवशी काढायचं. तोवर फाईल उघडायचीसुद्धा नाही. कोणी लाच मागितली असं मात्र समजू नका. लाच मागायला निदान खुर्चीतून उठावं लागतं.

सत्तावन्नाव्या दिवशी बाईंना पहिलं त्रुटीपत्र आलं. "नकाशावर उत्तर दिशा दर्शविणारा बाण आढळून येत नाही." बाण होता. त्याच्यावर कार्यालयानंच आपला आवक शिक्का मारला होता, इतका जोरात की उत्तर दिशाच गेली. बाईंनी दुसऱ्या दिवशी नवा नकाशा नेऊन दिला आणि शिक्का मारायची जागा पेन्सिलीनं आखून दिली. साठ दिवस पुन्हा सुरू. अठ्ठावन्नाव्या दिवशी दुसरं पत्र. मालमत्ता पत्रकावर नाव "महामाया" आहे आणि प्रकरणात "महामायाबाई", तरी दोन्ही व्यक्ती एकच असल्याबाबत प्रतिज्ञापत्र सादर करावे. बाईंनी अर्जात "महामाया"च लिहिलं होतं. "बाई" फायलीच्या पुठ्ठ्यावर कुशलनं आदरानं लावलं होतं. त्या आदरापायी बाईंना तहसीलला दोन खेटे घालावे लागले. गल्लीतले लोक आता तोंडावर बोलू लागले होते, "सिस्टर, अर्ज काऊन केला? बांधून टाकला असता तं पाह्यलं असतं कोणं?" बाई सांगायच्या, "कोणं नाई पाह्यलं तरी मले माहीत राहते नं."

तिसऱ्या वेळी कुशल मेहुण्याच्या लग्नाला गेला आणि त्याचा सत्तावन्नावा दिवस हुकला. साठ झाले, एकसष्ट झाले, चौसष्टही झाले. कार्यालय गप्प. बाईंना आनंद लपवता येईना. मेहकरच्या एका वकीलबाईंना विचारून त्यांनी पत्राचा मसुदा केला की, मुदतीत निर्णय न कळवल्यामुळे मला मानीव परवानगी मिळाली आहे, सबब मी काम सुरू करीत आहे. आणि भाषा एकदा नजरेखालून घाला म्हणून तो मसुदा माझ्याकडे आणला. आता यापुढचं सांगायला मला लाज वाटते, पण इतका वेळ दुसऱ्यांची उणीदुणी काढली आहेत, तर स्वतःची झाकून कशी चालतील?

मी निवृत्त मराठीचा मास्तर. चौतीस वर्षं लाल पेन चालवलं. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे फलक, काहीही वाचताना माझा हात खिशाकडे जातो. गावात माझ्याइतकी शुद्ध मराठी कोणाला येत नाही, असं मी मानत होतो आणि तसं सांगतही होतो. बाईंच्या मसुद्यात "मानीव" शब्द तीनदा आला होता. मी तो तिन्ही ठिकाणी खोडला आणि वर लिहिलं, "मानवी".

"सर, वकीलबाईनं तं असंच सांगतलं होतं," बाई म्हणाल्या.

"वकिलांना शुद्धलेखन कोण शिकवतं, बाई? मानीव असा शब्द मराठीत नाही. मानवी. म्हणजे माणुसकीच्या दृष्टीनं दिलेली परवानगी. तुमच्या यजमानांची अवस्था पाहून कायद्यानं दिलेली." हे मी खुर्चीत बसल्या बसल्या, चहा पीत, एका श्वासात सांगितलं. माझ्या बायकोनं, शरयूनं, स्वयंपाकघरातून विचारलंसुद्धा की एकदा कुठं बघून तरी घ्या. मी म्हटलं, मराठी बघायला मला अजून चष्मा पुरतो. बाईंनी विश्वास ठेवला. घरी जाऊन स्वच्छ अक्षरात पत्र पुन्हा लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी देऊन पोच घेतली.

ज्या कार्यालयाला बाण दिसायला सत्तावन्न दिवस लागले होते, त्याला हे उत्तर द्यायला दोन दिवस पुरले. "आपल्या पत्रातील ‘मानवी परवानगी’ या संज्ञेचा अर्थबोध होत नाही. अशी कोणतीही परवानगी प्रचलित कायद्यात नाही. सबब आपला प्रस्ताव नव्याने सादर करावा." आमच्या गावात माणुसकीची परवानगी अस्तित्वात नाही, हे कार्यालयानं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. त्या इमारतीतून निघालेलं ते एकमेव खरं पत्र असावं.

मी ताडताड कार्यालयात गेलो. कुशल मला पाहून खुर्चीतून उठून उभा राहिला. तो संस्कार मीच केलेला.

"सर, तो शब्द मानीव असते," तो हळूच म्हणाला.

"तुले माहीत होतं?"

"आमचं रोजचं काम हाये नं, सर. मानीव म्हंजे मानलेली. देल्ली नाई, पण देल्ली असं मानलेली."

"मग समजून घ्यायचं होतं की बे! बाईले काय म्हणायचं हाये ते कळलं होतं ना तुले?"

"कागदावर जे लेह्यलं असते तेच आमी वाचतो, सर. तुमीच शिकवलं. दहावीच्या सराव परीक्षेत माह्ये सात मार्क कापले होते तुमी वेलांटीपायी."

तो टोमणा मारत नव्हता. मनापासून, मान तुकवून सांगत होता, म्हणून जास्त लागलं. "नी"ची वेलांटी मी उचलून "व"ला लावली होती, एक घर पुढं. बस, एवढीच माझी विद्वत्ता. आणि त्या एका वेलांटीनं सहा महिन्यांचे खेटे पाण्यात गेले. घरी येऊन मी बाईंना सरळ सांगितलं की चूक माझी आहे. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "चूक माहीबी हाये, सर. म्या वकीलबाईपक्षा तुमच्यावर भरोसा ठेवला." मी म्हणत होतो, भांडू, वकीलबाईंकडून नोटीस पाठवू. त्यांनी ऐकलं नाही, भांडणातल्या कागदावर त्यांना वीट चढवायची नव्हती. जुलैत त्यांनी नवा अर्ज दिला, उत्तर दिशेच्या दोन बाणांसह, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुन्हा एकपासून आकडे घालायला लागल्या.

सव्विसाव्या आकड्याच्या सकाळी बाई दूध आणायला गेल्या होत्या. यायला दहा मिनिटं उशीर झाला. धम्मरत्नांनी वाट पाहिली नाही. काठी घेऊन एकटेच निघाले आणि मागच्या दाराच्या दुसऱ्या पायरीवरून खाली आले. मी आवाजानं धावत गेलो. ते फरशीवर पडले होते, धोतर ओलं झालं होतं, आणि मला पाहून त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर हातानं तोंड झाकलं. माझ्या लाल पेनानं त्या माणसाला तिथं पाडलं होतं. दुसरं कोणी असं म्हणत नाही, पण मी म्हणतो. महिनाभर आधी काम सुरू झालं असतं, तर ते त्या पायरीवर गेलेच नसते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. अकोल्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दीड-दोन महिने पलंग, मग वॉकर, मग हळूहळू चालतील. बाईंनी त्याचाही कागद नीट लावून ठेवला.

अठ्ठावन्नाव्या दिवशी, अगदी ठरल्यासारखे, नगरपरिषदेचे अभियंता जागा पाहायला आले. नवे साहेब, स्वच्छ बूट, सोबत टेप धरायला कुशल. मोजमाप बरोबर निघालं. नकाशा बरोबर, नाव बरोबर. मीही तिथं होतो, मला वाटलं सुटलो एकदाचे. जाता जाता साहेबांनी पलंगाकडे पाहून विचारलं, "यांच्यासाठीच आहे का बांधकाम? चालता येतं का यांना?"

धम्मरत्न कधी खोटं बोलले नाहीत. "आत्ता नाई येत, साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी ते लिहून घेतलं. साठाव्या दिवशी पत्र आलं. बाईंनी ते पलंगाशेजारी उभं राहून मोठ्यानं वाचलं. "स्थळपाहणीअंती असे दिसून आले की, ज्या व्यक्तीकरिता बांधकाम प्रस्तावित आहे ती व्यक्ती सद्यःस्थितीत चालू शकत नाही. सबब बाजूचे अंतर सोडण्यात सवलत देण्याची निकड दिसून येत नाही. प्रकरण नस्तीबंद करण्यात येत आहे." नस्तीबंद म्हणजे फाईल बंद, विषय संपला. पलंगाखाली भांडं होतं, ते साहेबांना दिसलं होतं की नाही कोण जाणे. आठ महिन्यांत कार्यालयानं पहिल्यांदाच मुदतीत निर्णय दिला होता, तो हा.

"म्हंजे कसं हाये, सर," धम्मरत्न छताकडे पाहत म्हणाले, "उभा होतो तं त्रुटी, अन् पडलो तं गरजच नाई."

बाईंनी पत्र घडी घालून फायलीत ठेवलं, फाईल कपाटात, आणि डोक्यावरून पदर घेऊन बाहेर पडल्या. अर्ध्या तासात गुलाबराव मिस्त्रीला घेऊन आल्या. गुलाबरावानं आठ महिने हे प्रकरण ऐकलेलं, त्यानं सवयीनं विचारलं, "कागद आला का, सिस्टर?"

"नाई आला. उद्यापासून वीट लाव."

नऊ दिवसांत काम झालं. विटा रस्त्यावर पडल्या, वाळू रस्त्यावर पडली, मिस्त्री दिवसभर ठोकत होता. कुशल रोज दोनदा मोटारसायकलवरून त्याच गल्लीतून जात होता. कोणी विचारलं नाही. गल्लीला तर आनंद झाला. जो येई तो म्हणे, सिस्टर आता आपल्यातल्या झाल्या. मला त्या एकेकाची मुंडी धरून पिरगाळावीशी वाटत होती. ज्या गावात एकच माणूस सरळ उभं होतं, त्यालाही वाकवून घेतलं, आणि वर पेढे मागत होते.

दिवाळीआधी धम्मरत्न वॉकर धरून उठले. पहिल्या सकाळी खोलीतून नव्या दारापर्यंत जायला त्यांना पाच मिनिटं लागली. आत गेले, दार लावून घेतलं, पूर्ण. बाई सवयीनं बाहेर उभ्या राहायला गेल्या, तर आतून आवाज आला, "सिस्टर, जा तिकडं, चहा ठेवा." बाई स्वयंपाकघरात गेल्या. मी खिडकीतून पाहत होतो, त्यांनी ओट्याला दोन्ही हात टेकले होते आणि खांदे हलत होते. मलाही आवरलं नाही. त्या क्षणी मला वाटलं, गेला कागद चुलीत, जे झालं ते चांगलं झालं.

दिवाळीनंतर एका रविवारी मी त्यांच्याकडे बसलो होतो, तेवढ्यात कुशल आला. फराळाला आला होता, दुसरं काही नाही. धम्मरत्नांची तब्येत विचारली, त्यांना हात देऊन खुर्चीत बसवलं. मग उठून आत गेला, नव्या भिंतीवर हात फिरवला, पलीकडच्या कुंपणापर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं आणि मोकळेपणानं हसत म्हणाला, "बाजूचं अंतर तं सुटलंच नाई, सिस्टर. पण जाऊ द्या. मी हावो तोवर काई टेन्शन घेऊ नका."

पोराच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मी आजही सांगतो. पण बाईंचा चेहरा मी पाहिला. ज्या बाईनं भर कार्यालयात त्याला दंड दाखवायला लावला होता, ती उठली. आत गेली, कपाटातले पाहुण्यांचे कप काढले, ट्रे पुसला. चहा आणला तो आधी धम्मरत्नांना नाही, मला नाही, कुशलला दिला, आणि त्यानं पहिला घोट घेईपर्यंत ट्रे धरून समोर उभी राहिली.

"साखर बरोबर झाली ना, साहेब?" महामायाबाईंनी विचारलं.